विश्वाला कशाला वेठीला धरता?

पदवीदान समारंभ असो की नव्या इमारतीची कोनशिला, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात चौथ्या-पाचव्या मिनिटाला 'युनिव्हर्स' हजेरी लावतेच. युनिव्हर्सिटी हा शब्द युनिव्हर्सवरून आला, जिथे विश्वाचे ज्ञान मिळते ती युनिव्हर्सिटी. टाळ्या. पाहुणे जरा अधिक कल्पक असले तर 'युनि' म्हणजे युनिटी आणि 'व्हर्सिटी' म्हणजे डायव्हर्सिटी, अशी फोड करून विविधतेतली एकताही त्याच शब्दातून काढून दाखवतात. पुन्हा टाळ्या. आणि त्यांना इतिहासाचा अभिमान असला तर शेवटची पायरी ठरलेली: मुळात ही कल्पनाच आपली, तक्षशिला आणि नालंदा ही जगातली पहिली विश्वविद्यालये, युरोपने फक्त आपल्या शब्दाचे भाषांतर केले. जाता जाता मराठीला एक चिमटा. अवघी हिंदी 'विश्वविद्यालय' म्हणते, आपण मात्र 'विद्यापीठ' धरून बसलो. नावातच विश्व नाही तर दृष्टीत कुठून येणार?

पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरला हे विश्व फार दाट भेटते. राज कपूरच्या राजबागेच्या जागी उभा राहिलेला खासगी विद्यापीठाचा परिसर 'विश्वराजबाग', तिथले रुग्णालय 'विश्वराज', आणि २ ऑक्टोबर २०१८ ला उपराष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालेला, १६० फूट व्यासाचा, ज्ञानेश्वरांच्या नावाचा घुमट विश्वशांतीचा. संस्थापक विश्वनाथ कराड यांच्या नावातच विश्व असल्याने त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. आपल्या घराला कोणी काय नाव द्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझे भांडण आहे ते त्या व्युत्पत्तीशी, जी अशा प्रत्येक आवारात, सरकारी असो की खासगी, व्यासपीठावरून बिनदिक्कत सांगितली जाते आणि जिला समोर बसलेले भाषाशास्त्राचे प्राध्यापकसुद्धा मान डोलावतात.

लॅटिनमध्ये 'युनिव्हर्सुम' आणि 'युनिव्हर्सितास' या शब्दांचे मूळ एक आहे, एवढे मान्य. एकाकडे वळलेले, एकत्र आलेले, असा त्या मुळाचा अर्थ. पण एका आजीच्या दोन नाती म्हणून एक दुसरीची आई होत नाही. रोमन कायद्यात 'युनिव्हर्सितास' म्हणजे माणसांचा असा समूह, ज्याला कायदा एक व्यक्ती मानतो: ज्याच्या नावाने मालमत्ता घेता येते, ज्याच्या नावाने दावा लावता येतो, ज्यातली माणसे मेली-बदलली तरी जो टिकतो. मध्ययुगात हा शब्द चांभारांच्या संघाला चालत असे, विणकरांच्या संघाला चालत असे, आख्ख्या शहराच्या नागरिकांना चालत असे. पत्राच्या मायन्यातही तो यायचा; 'नोव्हेरित युनिव्हर्सितास वेस्त्रा', म्हणजे तुम्हा समस्तांस कळावे. इथे कुठले विश्व आणि कुठले ग्रहतारे?

'समस्त' हा शब्द मी सहज वापरलेला नाही. गावोगाव जत्रेच्या, सप्ताहाच्या, पालखीच्या स्वागताच्या फ्लेक्सखाली लिहिलेले असते: आपले नम्र, समस्त ग्रामस्थ. त्या 'समस्त'मध्ये गावाची लोकसंख्या मोजलेली नसते, गावाचे क्षेत्रफळही नसते. आम्ही सगळे मिळून एक आहोत आणि या कार्याची जबाबदारी आमची आहे, एवढे त्यात असते. 'युनिव्हर्सितास मागिस्त्रोरुम एत स्कोलारियम' या जुन्या प्रयोगाचे सरळ मराठी करायचे तर ते 'समस्त गुरुजन व विद्यार्थी मंडळी' असे होईल. शिकण्याच्या ठिकाणाला त्या काळी वेगळाच शब्द होता, 'स्तुदियुम गेनेराले'. ठिकाण वेगळे, मंडळी वेगळी. पुढे मंडळींचे नाव ठिकाणाला चिकटले, आणि आज ठिकाणच उरले.

आता सांगा, 'सगळे विषय शिकवते ती युनिव्हर्सिटी' या दाव्याचे काय करायचे? 'गेनेराले'चा अर्थसुद्धा सर्व विषय असा नव्हता. सर्व मुलखांतून विद्यार्थी येऊ शकतात, असा होता. बोलोन्याची ख्याती कायद्याची, सालेर्नोची वैद्यकाची. सर्व विषयांची अट लावायची ठरवली तर आधी आपलीच पाटी पुसावी लागेल. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, रामटेकचे कालिदास संस्कृत विद्यापीठ, आता रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ, ही सगळी मग बाद. आणि लोणीच्या विद्यापीठाच्या तर नावातच कला, डिझाइन आणि तंत्रज्ञान असे तीन विषय मोजून लिहिले आहेत. ज्याने विषय मोजले त्याने विश्व सोडले, हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही का?

हा गैरसमज निव्वळ व्हॉट्सअ‍ॅपचा आहे असेही नाही. न्यूमनसारख्या विद्वानाने १८५२ साली डब्लिनच्या व्याख्यानांत सार्वत्रिक ज्ञानाची बाजू या शब्दाच्या आधारे मांडली होती. पण त्याला तिथे कॅथलिक विद्यापीठ उभे करायचे होते आणि त्यात धर्मशास्त्राला बाहेर ठेवता येणार नाही हे पटवायचे होते. सर्व ज्ञान म्हटले की धर्मशास्त्रही आले. वकिलाचा युक्तिवाद म्हणून तो सुंदरच आहे, पण वकिलाचा युक्तिवाद म्हणजे शब्दकोश नव्हे.

बोलोन्यात ही समस्त मंडळी काय करत होती ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे ते कोणी सांगत नाही. तिथे संघ होता तो विद्यार्थ्यांचा. परगावाहून आलेल्या मुलांना शहरात नागरिकत्व नव्हते, घरमालक भाडे वाढवत, म्हणून त्यांनी एकत्र येऊन संघ केला. संघाचा प्रमुख, रेक्टर, विद्यार्थीच असे आणि प्राध्यापकांना त्याच्यापुढे शपथ घ्यावी लागे. तास सुरू करायला उशीर झाला, दंड. घंटा झाल्यावर बोलत राहिला, दंड. पाठातला अवघड भाग टाळून पुढे गेला, दंड. व्याख्यानाला पाचही विद्यार्थी जमवता आले नाहीत, तर प्राध्यापकच गैरहजर समजून दंड. गाव सोडून जायचे तर परवानगी काढावी लागे. पॅरिसला उलटा कारभार, तिथे संघ शिक्षकांचा. १२२९ साली शहराच्या शिपायांनी विद्यार्थी मारले तेव्हा या मंडळींनी वर्ग बंद केले आणि दोन वर्षे शहरच सोडले. १२३१ मध्ये पोपच्या आज्ञापत्राने त्यांना व्याख्याने थांबवण्याचा अधिकार मिळाला तेव्हा कुठे परतले. ऑक्सफर्डहून १२०९ साली अशीच उठून गेलेली मंडळी केंब्रिजला स्थिरावली. युनिव्हर्सिटी चालत जाऊ शकत होती, कारण ती माणसांची होती. घुमट चालत जात नाही.

बोलोन्याचा आदर्श जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्यांनी मास्तरांना दंड करावा, या कल्पनेने माझ्याही पोटात गोळा येतो. पण विश्वाचा गजर करणाऱ्यांनी निदान हे जाणून घ्यावे की, ज्या शब्दाच्या नावाने ते शांती आणि समन्वयाची प्रवचने देतात तो शब्द जन्माला आला तो घरभाड्याच्या भांडणातून, संपातून आणि दंडाच्या पावत्यांतून.

आता नालंदेकडे. नालंदा थोर होते, यात वाद नाही. वाद आहे तो त्याच्या गळ्यात घातलेल्या शब्दाचा. नालंदेच्या उत्खननात भाजलेल्या मातीच्या मुद्रा सापडल्या आहेत. वर धर्मचक्र, दोन बाजूंना दोन हरणे, खाली अक्षरे: 'श्रीनालन्दामहाविहारीयार्यभिक्षुसंघस्य'. म्हणजे, श्रीनालंदा महाविहारातल्या आर्य भिक्षुसंघाची ही मुद्रा. विश्वविद्यालयाची नाही, महाविहार हे ठिकाणाचे नाव, आणि शिक्का कोणाचा, तर संघाचा. षष्ठी विभक्ती संघाला लागली आहे, इमारतीला नाही. ज्यांना नालंदेचा खरोखर अभिमान आहे त्यांनी या एका 'स्य'वर आनंदाने नाचायला हवे होते, कारण युरोपातल्या 'युनिव्हर्सितास'शी नाते सांगणारा शब्द नालंदेच्या शिक्क्यावर आधीपासून आहे. तो 'विश्व' नाही, 'संघ' आहे. पण अभिमान बाळगणाऱ्याला शिक्का वाचायला वेळ नसतो. तक्षशिलेची गोष्ट आणखी वेगळी. तिथे नामांकित आचार्य होते, ते आपापल्या घरी शिष्य ठेवून शिकवत. सगळ्यांवर मिळून एक संस्था, एक अभ्यासक्रम, एक पदवी असे काही नव्हते. हे कोणा परदेशी द्वेष्ट्याने लिहिलेले नाही. प्राचीन भारतीय शिक्षणाचा साक्षेपाने इतिहास लिहिणारे आपलेच अनंत सदाशिव आळतेकर ते लिहून गेले आहेत.

कायद्याने व्यक्ती मानलेला समूह ही कल्पना आपल्या मातीला नवी नाही, त्यासाठी नालंदेपर्यंतही जायला नको. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे, नहपानाच्या जावयाचा. भिक्षूंच्या चीवरांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. विणकर येतील, विणकर जातील, श्रेणी राहील, हा भरवसा असल्याशिवाय कोणी असा पैसा ठेवेल का? श्रेणी, गण, पूग, संघ, समूह हे शब्द धर्मशास्त्राच्या व्यवहाराच्या प्रकरणांत पाहायला मिळतात. 'युनिव्हर्सितास'ला देशी जोड शोधायचीच होती तर ती इथे होती. आपण शोधली कुठे? आकाशात.

आणि 'विद्यापीठ' या शब्दाला मराठीपुरते कमी लेखणाऱ्यांनी जरा १९१६ साल आठवावे. धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका आली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्यांनी तशी कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू केले. सरकारी कायदा नाही, सनद नाही, मान्यता नाही. कायद्याची मोहोर त्यावर उमटायला स्वातंत्र्य यावे लागले. १९२१ मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले तेही असेच, आणि त्याला अभिमत दर्जा मिळाला तो १९८७ साली. गुजरातेत आणि काशीत त्याच सुमाराला राष्ट्रीय विद्यापीठे निघाली, तीसुद्धा 'विद्यापीठ' म्हणून. सरकारने द्यायच्या आधी माणसांनी एकत्र येऊन स्वतःला दिलेले नाव, हा या शब्दाचा विसाव्या शतकातला इतिहास आहे. 'पीठ' म्हटले की गादी आली, गादी म्हटले की पीठाधीश आला, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. पण तो आक्षेप घेऊन 'विश्वविद्यालया'कडे पळणाऱ्याला तिथे तरी काय मिळते? विश्व आणि आलय. एक अवाढव्य घर. माणसे तिथेही नाहीतच. त्यापेक्षा तमिळ शहाणी. तिच्या 'पल्कलैक्कळगम'मध्ये कला अनेक असल्या तरी शेवटी 'कळगम' आहे, म्हणजे मंडळ. अरबी 'जामिया'तही जमणे आहेच.

इथे व्यवहारी माणूस म्हणतो, जाऊ द्या हो, शब्दाचा कीस कशाला काढता? अर्थ काहीही असो, मुलांना नोकऱ्या लागल्याशी मतलब. ठीक. मग २०१७ च्या नोव्हेंबरात काय झाले ते आठवा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १२३ अभिमत संस्थांना नावातून 'युनिव्हर्सिटी' हा शब्द काढायला सांगितले, कारण १९५६ च्या कायद्याचे २३ वे कलम तो शब्द भलत्या कोणाला लावू देत नाही. पुण्यातल्या अशा संस्थांचीही त्यामुळे पळापळ झाली. एका शब्दासाठी सर्वोच्च न्यायालय बसते, आयोग पत्रे धाडतो, संस्था पाट्या बदलतात. आणि तुम्ही म्हणता शब्दात काय आहे? तो मिळवायला जितका आटापिटा, तितकाच त्याचा अर्थ सांगताना निष्काळजीपणा, हे कसे?

गंमत अशी की मूळ अर्थ आजही जिवंत आहे, पण तो समारंभात सापडत नाही, राजपत्रात सापडतो. १८५७ च्या मुंबई विद्यापीठाच्या कायद्याने कुलपती, कुलगुरू आणि फेलो या माणसांनाच मिळून एक निगम निकाय ठरवले. माणसे हेच विद्यापीठ. त्या विद्यापीठाकडे सुरुवातीला इमारत नव्हती आणि वर्गही नव्हते. ते परीक्षा घेत असे. रानडे, भांडारकर, वागळे, मोडक हे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले, पदवीदानाचे सभागृह पुरे झाले १८७४ मध्ये, राजाबाई टॉवर १८७८ मध्ये. टॉवर नसताना रानडे झाले. तेच रानडे पुढे सिनेटमध्ये बसून देशी भाषांसाठी वर्षानुवर्षे भांडले, आणि भांडू शकले, कारण सिनेट नावाची भांडायची जागा होती. लोणीच्या विद्यापीठालाही २०१५ च्या स्वतंत्र कायद्यानेच निगम निकाय केले आहे. अखंड परंपरा, सामाईक मोहोर, स्वतःच्या नावाने दावा लावण्याचा हक्क, ही सगळी रोमन कायद्यातली जुनी भांडीकुंडी आपल्या प्रत्येक विद्यापीठ कायद्याच्या सुरुवातीच्या कलमांत मांडून ठेवलेली असतात. विधी विभागातल्या मसुदाकाराला शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. पाहुण्यांना नाही.

आणि पाहुण्यांना तो नको आहे, असा माझा आरोप आहे. विश्व सोयीचे असते. विश्वाची बैठक भरत नाही, विश्व मतदान मागत नाही, विश्वाला इतिवृत्ताची प्रत द्यावी लागत नाही. 'समस्त मंडळी' म्हटले की पहिला प्रश्न येतो: मग ही मंडळी आहेत कुठे? खासगी विद्यापीठांच्या कायद्यांत अधिसभा, म्हणजे सिनेट, नाही. तिथे नियामक मंडळ असते, आणि त्यात प्रायोजक मंडळाची, म्हणजे संस्था काढणाऱ्यांची, माणसे असतात. निवडून आलेला विद्यार्थी त्या टेबलाशी बसत नाही. सरकारी विद्यापीठांनी यावर हसू नये. तिथे अधिसभा आहे, पण तिची निवडणूक घ्यायची म्हटले की हात थरथरतात. मुंबई विद्यापीठाच्या नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागांची निवडणूक २०२३ मध्ये जाहीर करून थांबवली, २०२४ मध्ये मतदान तोंडावर आलेले असताना पुन्हा थांबवली, आणि उच्च न्यायालयाने कान धरल्यावर २४ सप्टेंबरला मतदान झाले. विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका १९९४ च्या कायद्याने गेल्या, २०१६ च्या कायद्याने कागदावर परत आल्या; २०१९ मध्ये तारखांची भाषा झाली आणि विधानसभा निवडणुकीच्या कारणाने त्या पुढे ढकलल्या गेल्या. अठराव्या वर्षी आमदार निवडायला लायक ठरलेला मुलगा वर्गप्रतिनिधी निवडायला नालायक कसा ठरतो, हे कोणी समजावून सांगेल?

'अहो, निवडणुका आल्या की हाणामाऱ्या येतात, शिस्त बिघडते.' हे उत्तर मी अपेक्षितच धरले आहे. लोणी काळभोर हे तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. लाखोंचा मेळा पंढरपूरपर्यंत चालवणाऱ्या वारकऱ्यांनी समूहाची शिस्त कशी बसवली ते पाहा. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात. चोपदार चोप उंचावतो, टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदाराला त्या दिंडीपाशी जावे लागते, तक्रार ऐकावी लागते, आणि मगच आरती होते. दिंडीला क्रमांक आहे, जागा ठरलेली आहे, विणेकरी आहे, आणि टाळ वाजवत ठेवण्याचा हक्क आहे. समाजआरतीत शिस्त आहे ती टाळ वाजू देण्यामुळेच. विद्यापीठातल्या मुलाचे टाळ वाजायला लागले की आपण काय करतो? पालकांना फोन, नाही तर कारणे दाखवा नोटीस.

म्हणून म्हणतो, विद्यापीठ हे विश्वाचे नाव नाही, इमारतीचे नाही, संस्थापकांच्या घराण्याचे तर नाहीच नाही. शिकणारे आणि शिकवणारे एकत्र येऊन कायद्यापुढे एक माणूस म्हणून उभे राहतात, त्या माणसाचे ते नाव आहे. बोलोन्यात तोच अर्थ, नालंदेच्या शिक्क्यावर तोच, आपल्या राजपत्रात तोच. तो नको असेल तर 'संस्था' म्हणा, 'कॅम्पस' म्हणा, 'प्रकल्प' म्हणा, कोणी अडवलेले नाही. सोलापूर रस्त्यावर रिक्षावाला आजही 'कॉलेज'च म्हणतो आणि त्याचे काही बिघडत नाही. पण 'विद्यापीठ' हाच शब्द हवा असेल, विधिमंडळातून कायदा करून घेण्याइतका हवा असेल, तर त्याची किंमतही द्या. आधी खासगी विद्यापीठांच्या कायद्यांत दुरुस्ती करून नियामक मंडळावर अध्यापकांनी निवडलेले दोन अध्यापक आणि विद्यार्थ्यांनी निवडलेले दोन विद्यार्थी बसवा, निमंत्रित म्हणून नव्हे, मताधिकारासह. शुल्कवाढीचा ठराव त्यांच्यासमोर मांडा, आणि त्यांनी विरोध केला तर तो इतिवृत्तात नावानिशी नोंदवा.